मरणाचे शब्द आणि मरणाचे भय : तारापूर १७३९, पालघर १९४२

१

मरणाचे भय आणि त्यावरील आध्यात्मिक उपाय हा विषय सामान्यतः तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांचा मानला जातो. इतिहासाचा अभ्यासक त्याकडे सहसा वळत नाही. भय ही मनाची अवस्था आहे आणि मनाच्या अवस्था दप्तरात सापडत नाहीत, अशी त्याची समजूत असते. ही समजूत अर्धीच खरी आहे. मनाची अवस्था दप्तरात सापडत नसली, तरी मनाने निवडलेले शब्द तेथे सापडतात. मृत्यूची वार्ता कळविताना लिहिणारा कोणता शब्द पुढे करतो, कोणता टाळतो, वार्ता आधी सांगतो की सांत्वन आधी करतो, या गोष्टी कागदावर उरतात. आणि भाषेच्या अभ्यासकाला तेवढ्यावरून काही अनुमान करता येते.

प्रस्तुत लेखाचे क्षेत्र उत्तर कोकणातील पालघर आणि बोईसर-तारापूर हा किनारपट्टीचा प्रदेश आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत हा भाग ठाणे जिल्ह्यात मोडत असे. या लहानशा प्रदेशात मरणाला सामोरे जाण्याचे दोन प्रसंग इतिहासाने नोंदविले आहेत. पहिला १७३९ चा, तारापूरच्या किल्ल्याच्या वेढ्यातला; दुसरा १४ ऑगस्ट १९४२ चा, पालघरच्या कचेरीसमोरचा. दोहोंमध्ये दोनशे वर्षांचे अंतर आहे, आणि एक युद्धाचा तर दुसरा निःशस्त्र चळवळीचा आहे. तरीही दोहोंमागे मराठी भाषेतील एकाच विचारपरंपरेचे शब्द उभे आहेत. ते शब्द तपासले असता एक प्रश्न विचारता येतो : आध्यात्मिक समजुतीने मरणाचे भय गेले असे आपण केव्हा म्हणावे? मरणाला सौम्य नाव मिळाले म्हणजे, की त्याचे उघडे नाव उच्चारण्याचे बळ आले म्हणजे?

२

प्रथम टाळण्याच्या शब्दांचा विचार करू. मराठीत मरणासंबंधीचे उघडे क्रियापद ‘मरणे’ हेच आहे. परंतु आप्ताच्या बाबतीत ते वापरणे आपल्याला जड जाते. माणूस ‘जातो’, ‘वारतो’, ‘निवर्ततो’. त्याला ‘देवाज्ञा होते’. तो ‘कालवश’ होतो. ‘मेला’ हे रूप आपण पशूकरिता, शत्रूकरिता किंवा शिवी म्हणून राखून ठेवले आहे. कोकणातल्या बायकांच्या तोंडी ते लाडक्या रागाचेही आहे.

हे टाळणे मरणाच्या वार्तेपुरते राहत नाही. ते रोजच्या व्यवहारात पसरते. घरातून निघणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. कारण ‘गेला’ या रूपावर मरणाची छाया आहे. बांगडी फुटली तरी ती ‘वाढली’ असे म्हणावयाचे. देवापुढे नारळ फोडावयाचा नसतो, ‘वाढवावयाचा’ असतो. दुकान बंद करावयाचे नसते, तेही ‘वाढवावयाचे’ असते. संपणे, फुटणे आणि विझणे यांच्या जागी त्यांच्या नेमक्या उलट अर्थाचे क्रियापद ठेवण्याची ही रीत भाषाशास्त्राच्या दृष्टीने मोठी लक्षणीय आहे. शब्द उच्चारला तर वस्तू ओढवेल, ही प्राचीन भीती तिच्या मुळाशी आहे. श्रावण पौर्णिमेला सातपाटी, मुरबे, दांडी येथील मच्छीमार समुद्राला नारळ अर्पण करतात आणि मग होड्या पाण्यात लोटतात. अशा किनाऱ्यावर ‘येतो’ या शब्दाला केवळ शिष्टाचाराहून अधिक अर्थ आहे. निघताना तो परतीची ग्वाही देतो.

या रीतीची थट्टा करण्याचे कारण नाही. तिच्यात माणसाची माया आहे, आणि समाजाने पिढ्यानुपिढ्या जपलेले शहाणपणही आहे. मात्र तिला भयावरील विजय म्हणता येणार नाही. ती भयाशी केलेली तडजोड आहे. शब्द झाकला जातो. ज्याचा तो शब्द आहे, ती वस्तू मनात जशीच्या तशी राहते.

३

दुसरा वर्ग स्थानवाचक शब्दांचा. मराठीत मृत व्यक्तीच्या नावामागे ‘कैलासवासी’ लावण्याची रीत जुनी आहे. वारकरी मंडळी ‘वैकुंठवासी’ म्हणतात. या साच्याची लवचीकता पाहण्यासारखी आहे. मुसलमान गृहस्थाकरिता मराठीने ‘पैगंबरवासी’ हा शब्द घडविला आणि ख्रिस्ती गृहस्थाकरिता ‘ख्रिस्तवासी’. पैगंबर आणि ख्रिस्त ही व्यक्तींची नावे आहेत, स्थळांची नाहीत. परंतु ‘-वासी’ या उत्तरपदाचा ओढा इतका प्रबळ की, त्याने व्यक्तीलाच निवासस्थान केले. मेलेला माणूस कोठेतरी राहावयास गेला आहे, ही कल्पना मराठी मनाला किती आवश्यक वाटते याचा हा पुरावा आहे.

या कल्पनेचे दगडी रूप उत्तर कोकणात पाहावयास मिळते. बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळांवर खाली लढाई, त्यात नौकांची लढाईही, कोरलेली आहे. वरच्या थरांत वीराचा स्वर्गलोकी प्रवेश आणि शिवलिंगाचे पूजन दिसते. हे वीरगळ सामान्यतः शिलाहार-यादव संघर्षाच्या काळाशी जोडले जातात. वीरगळाचे वाचन खालून वर करावयाचे असते. सर्वांत खाली मरण, सर्वांत वर कैलास. ‘कैलासवास’ या शब्दात जी वाट दडलेली आहे, ती शिल्पकाराने थराथराने उघडी करून दाखविली आहे. डहाणू-जव्हारच्या आदिवासी पाड्यांतून मृत पूर्वजांच्या नावे ‘वीर’ उभारण्याची रीत आहे. लाकडाच्या फळीवर सूर्य, चंद्र आणि घोडेस्वार कोरून ती गावाच्या शिवेवर रोवतात. येथे मेलेल्याला दूरच्या लोकात पाठविलेले नाही. त्याला गावाच्या कडेलाच जागा दिली आहे. परंतु मूळ भाव तोच : गेलेल्याला ठिकाण हवे.

या भावनेला धर्माची सीमा नव्हती, हे आणखी एका ग्रंथावरून दिसते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले. ख्रिस्ती धर्मातील स्वर्गाकरिता स्टीफन्स यांनी ‘वैकुंठ’ हा शब्द वापरला. नवा धर्म सांगणाऱ्यालाही मरणोत्तर आशा सांगण्यासाठी शब्द मराठी वाचकाच्या ओळखीचाच घ्यावा लागला. पुढे एका शतकाने तारापूरच्या तटाच्या दोन्ही बाजूंना जी माणसे उभी होती, त्यांचे देव वेगळे होते. परंतु मरणानंतर जाण्याचे एक उजळ ठिकाण आहे, ही श्रद्धा दोन्हीकडे होती.

याच्या उलट दिशेचा शब्द अलीकडचा आहे. १९५६ च्या धर्मांतरानंतर महाराष्ट्रातील बौद्धांमध्ये मृत व्यक्तीच्या नावामागे ‘कालकथित’ लिहिण्याची रीत पडली. आत्मा आणि त्याचे निवासस्थान या दोन्ही कल्पना ज्या विचारात बसत नाहीत, त्या विचाराच्या लोकांनी ‘-वासी’चा साचा टाकून दिला, हे तर्काला धरून आहे. येथे ठिकाण गेले आणि काळ आला. शब्दाची निवड हा केवळ रूढीचा भाग नसतो. तीमागे समजूत असते आणि समजूत बदलली की शब्द बदलतो, हे या एका उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

स्थानवाचक शब्दांनी दिलासा मिळतो, हे निर्विवाद आहे. तो दिलासा मागे राहिलेल्यांचा असतो, तसाच मरणाऱ्याचाही असू शकतो. परंतु त्यात एक अट दडलेली आहे. ठिकाण खरे आहे, अशी श्रद्धा जोवर दृढ, तोवरच दिलासा दृढ. श्रद्धा डळमळली की भय पुन्हा पूर्वीइतकेच उभे राहते. संतांच्या विचाराला हे ठाऊक होते. म्हणूनच त्यांनी ठिकाणाचा शब्द टाकला नाही, पण त्यावर सगळा भारही ठेवला नाही.

४

ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० च्या सुमारास पूर्ण झाली. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची जी गणना आहे, तिच्या अग्रभागी ‘अभय’ आहे. ज्ञानेश्वरांनी या एका शब्दावर केलेले विवरण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचे आहे.

त्यांच्या विवरणात दोन प्रकारचे दाखले येतात. पहिला व्यवहारातला : जो महापुरात उतरतच नाही त्याला बुडण्याची भीती नसते, जो पथ्य पाळतो त्याला रोगाची धास्ती नसते. दुसरा अद्वैताचा : पाणी मिठाला बुडवावयास जाते, तोच मीठ स्वतःच पाणी होऊन जाते, मग बुडविणारे कोण आणि बुडणारे कोण? मिठागरांच्या या किनाऱ्यावर तो दाखला वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. सर्वत्र आत्मस्वरूपच आहे हे उमगले, की ज्याचे भय धरावयाचे ते दुसरे उरत नाही.

या दोन दाखल्यांत वरवर विसंगती दिसते. एक म्हणतो, सावध राहा. दुसरा म्हणतो, सावध राहण्याजोगे दुसरे काही नाहीच. पण ज्ञानेश्वरांनी त्यांना एकाच शब्दाच्या विवरणात बसविले आहे, आणि ते विचारपूर्वक आहे. अभय म्हणजे बेपर्वाई नव्हे. ज्याला भय नाही तो पुरात उडी घेणारा असेलच असे नाही. तो पुराची दिशा ओळखणारा असतो. तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगतानाही ज्ञानेश्वरांचा भर याच सावधपणावर आहे : मृत्यू अजून दूर असतानाच ज्ञानी त्याची जाणीव ठेवतो आणि देह धड आहे तोवर तयारी करून ठेवतो. भयामुळे माणूस मरणाकडे पाठ फिरवितो. ज्ञानी आधीच त्याच्याकडे तोंड करून बसलेला असतो. तुकाराम महाराजांनी आपले मरण आपणच पाहिल्याचा जो अनुभव सांगितला, तोही याच परंपरेचा परमोत्कर्ष आहे.

याच परंपरेतला दुसरा शब्द ‘विवेक’. ‘वि’ उपसर्ग आणि ‘विच्’ हा धातू. विच् म्हणजे वेगळे करणे, निवडणे. वेदान्तात नित्य आणि अनित्य यांची निवड हे साधकाचे पहिले साधन सांगितले आहे. समर्थ रामदासांच्या दासबोधात हा शब्द पावलोपावली येतो. तेथे तो केवळ तत्त्वज्ञानाचा राहत नाही, प्रपंचात काय करावे आणि काय टाळावे याची निवडही त्यातच येते. तिसऱ्या दशकाचा नववा समास मृत्युनिरूपणाचा आहे. मृत्यू राजा पाहत नाही, योद्धा पाहत नाही, पंडित पाहत नाही, अशी एकामागून एक नावे घेत रामदास सगळी कवचे काढून टाकतात. त्या समासात समजूत घालण्याचा सूर नाही. वाचकाला प्रथम उघडे करावयाचे आणि मग विवेकाकडे वळवावयाचे, ही त्यांची पद्धत आहे.

अठराव्या शतकातील मराठी पत्रलेखकाच्या हाताशी मरणाचे हे तिन्ही वर्ग होते : टाळण्याचे शब्द, ठिकाणाचे शब्द आणि विवेकाचा शब्द. प्रत्यक्ष प्रसंगी त्याने कोणता पुढे केला, हे पाहण्यासाठी तारापूरकडे वळावयाचे.

५

१७३७ ते १७३९ या काळात चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली पोर्तुगीजांविरुद्ध उत्तर कोकणची मोहीम झाली. १७३७ मध्ये ठाणे व साष्टी हाती आल्यावर, १७३९ च्या आरंभी मराठ्यांनी माहीम, केळवे, शिरगाव ही किनाऱ्यावरची ठाणी एकामागून एक घेतली आणि ते तारापूरला भिडले. तारापूरचा किल्ला पडला. त्यानंतर वसईचा वेढा बसला आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात वसईही शरण आली. लोकांच्या स्मरणात वसईचा विजय राहिला. चिमाजी अप्पांनी आपले मस्तक तोफेच्या तोंडी देऊन किल्ल्यात टाकण्यास सांगितले, ही आख्यायिकाही वसईचीच आहे. ती ऐकणाऱ्याचे रक्त सळसळते. परंतु मरणाच्या भयाविषयी तिच्यातून काही शिकता येत नाही. तीत आवेश आहे, आणि आवेशाच्या भरात भय दिसतच नाही.

तारापूरची कथा निराळी. त्या वेढ्यात बाजी भिवराव रेठरेकर हे पेशव्यांचे अत्यंत जवळचे सरदार मोर्चात गोळी लागून मरण पावले. त्यांच्या मातोश्रींना पेशव्यांच्या घरातून गेलेले सांत्वनपत्र मराठी इतिहासाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. त्याचा आशय थोडक्यात असा : तारापूरच्या मोर्चात गोळी तोंडाला लागून बाजी भिवरावांना कैलासवास झाला, ईश्वराने मोठे अनुचित केले, आमचा भाऊ गेला, आमची बाजू गेली, उपाय नाही, तुमचे समाधान आम्ही काय लिहावे? धीर धरावा, विवेक करावा, आणि घरातील धाकट्यांचे समाधान आपणच करावे.

पत्र लहान आहे. पण त्याची घडण नीट पाहिली, तर अनेक गोष्टी ध्यानात येतात.

पहिली गोष्ट : गोळी कोठे लागली हे आईला लिहिले आहे. पुत्राच्या मृत्यूची वार्ता आईला कळविताना एवढा तपशील कोणीही टाळला असता. पत्रलेखकाने तो टाळला नाही. त्याच वाक्यात ‘कैलासवास’ हा रूढ शब्द आहे. म्हणजे शिष्टाचार पाळला आहे. परंतु कैलासाच्या आड जखम झाकलेली नाही. एकाच वाक्यात देहाचे उघडे सत्य आणि रूढीचा शब्द शेजारी शेजारी बसले आहेत. मरण लपविण्याची गरज लिहिणाऱ्याला वाटली नाही, आणि वाचणारीला ते सोसणार नाही असेही त्याने धरले नाही.

दुसरी गोष्ट : ईश्वराने अनुचित केले, असे म्हटले आहे. अध्यात्माच्या रूढ भाषेत हे बसत नाही. ईश्वरेच्छा मानावी, तिला दोष देऊ नये, हा उपदेश. पण येथे उपदेशाआधी तक्रार आली आहे. ही अश्रद्धा नव्हे. ज्याच्याशी तक्रार करता येते तो जवळचा असतो. भक्तीच्या परंपरेत देवाशी भांडणारे संत थोडे नाहीत. शोकाला आधी पूर्ण जागा दिली, मग विवेकाचा शब्द काढला, हा क्रम येथे महत्त्वाचा आहे.

तिसरी गोष्ट ‘बाजू’ या शब्दाची. मुळात हा फारसी शब्द असून त्याचा अर्थ बाहू. मराठीत तो कडेचा, पक्षाचा वाचक झाला. ‘बाजूबंद’ या शब्दात मात्र मूळ अर्थ टिकून आहे. ‘भाऊ’ आणि ‘बाजू’ ही जोडी पत्रात आली तेव्हा दोन्ही अर्थ एकत्र उभे राहतात : बाहू तुटला आणि पक्षाचा आधारही गेला. मरणाऱ्याची महती त्याच्या पदाने किंवा पराक्रमाने सांगितलेली नाही. मागे राहिलेल्यांच्या देहातून काय तुटले, यावरून ती सांगितली आहे.

चौथी गोष्ट : समाधान काय लिहावे, असा प्रश्न पत्रलेखक स्वतःच विचारतो. सांत्वनपत्राने सांत्वन करावयाचे असते. हे पत्र सांत्वनाची मर्यादा कबूल करते. आणि मग ज्या स्त्रीला सांत्वनाची सर्वांत अधिक गरज आहे, तिलाच दुसऱ्यांचे समाधान करावयास सांगते. पहिल्या वाचनात ही निष्ठुरता वाटेल. वस्तुतः पत्राचा सर्व आध्यात्मिक आशय या विनंतीत आहे. ‘विवेक’ या शब्दाचा येथील अर्थ नित्यानित्याची शाब्दिक चर्चा नव्हे. शोक आणि कर्तव्य यांची निवड करणे, माझे दुःख आणि घरातील धाकट्यांचे दुःख यांत आत्ता कोणते आधी पाहावयाचे हे ओळखणे, असा तो आहे.

येथे एक शंका घेतली जाईल. जुन्या पत्रव्यवहाराला ठरावीक मायने होते. ‘उपाय नाही’, ‘विवेक करणे’, ‘धीर धरणे’ ही दुखवट्याच्या पत्रांतली नेहमीची वाक्ये होत. त्यांवरून लिहिणाऱ्याच्या मनाचे अनुमान कसे करावे? शंका रास्त आहे. हे शब्द या पत्राचे स्वतःचे नाहीत. परंतु साचा ठरलेला असतो तेव्हाच साच्याबाहेर गेलेले काय, हे ओळखता येते. गोळीचा तपशील, ईश्वराविषयीची तक्रार आणि समाधान लिहिता न येण्याची कबुली ही साच्याची गरज नव्हती. शिवाय साच्यातही ‘विवेक’ हा शब्द यावा, हे त्या काळच्या समाजाविषयी काही सांगतेच. मठात आणि पोथीत वावरणारा शब्द दुखवट्याच्या पत्रात नेहमीचा होऊन बसला, म्हणजे तो घराघरात पोचला होता.

इतिहासाने या पत्रावर पुढे आपली टीप लिहिली. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे बाजीराव पेशवे निवर्तले. त्याच वर्षाच्या अखेरीस चिमाजी अप्पाही गेले. तारापूर पडल्यावर दोन वर्षांच्या आत तो विवेक पेशव्यांच्या घरातल्या माणसांनाच करावा लागला.

६

यापुढील प्रसंग दोन शतकांनंतरचा आहे. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’ ठराव झाला. १४ ऑगस्टला पालघर परिसरातील गावांतून लोक मोर्चाने पालघरच्या कचेरीवर आले. पोलिसांनी गोळीबार केला. त्यात पाच जण मृत्यू पावले : सातपाटीचे काशिनाथ हरी पागधरे, नांदगावचे गोविंद गणेश ठाकूर, मुरब्याचे रामचंद्र माधव चुरी, पालघरचे रामप्रसाद भीमाशंकर तिवारी आणि सालवडचे सुकुर गोविंद मोरे. नांदगाव आणि सालवड ही गावे बोईसर-तारापूरच्या परिसरातली. सातपाटी आणि मुरबे खाडीच्या दोन काठांवरची. पालघरात त्यांच्या स्मरणार्थ हुतात्मा स्तंभ आहे आणि दर वर्षी १४ ऑगस्टला तेथे लोक जमतात.

गोळीसमोर उभ्या राहिलेल्या या माणसांच्या मनात त्या क्षणी काय होते, हे ठरविण्याचा अधिकार इतिहासाला नाही. परंतु त्यांच्या काळाने निर्भयतेचा कोणता शब्द त्यांच्यापुढे ठेवला होता, हे सांगता येते. तो शब्द ‘अभय’ होता. गांधींनी १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना व्रतांविषयी जी पत्रे लिहिली, ती ‘मंगल प्रभात’ या नावाने प्रसिद्ध आहेत. त्यांतील अभयाचे विवेचन गीतेच्या सोळाव्या अध्यायाच्या स्मरणाने सुरू होते. मृत्यूचे भय, देहाच्या इजेचे भय, मालमत्ता जाण्याचे भय, आप्त गमावण्याचे भय आणि लौकिक जाण्याचे भय अशी भयाची यादी तेथे आहे. १९३२ साली विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने केली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. त्याच वर्षी ‘गीताई’ प्रसिद्ध झाली. ज्या अध्यायावर ज्ञानेश्वरांनी मीठ आणि पाणी यांचा दाखला दिला, तोच अध्याय सहाशे चाळीस वर्षांनी तुरुंगाच्या कोठड्यांतून पुन्हा वाचला जात होता. आश्रमाच्या सायंप्रार्थनेत स्थितप्रज्ञाची लक्षणे म्हटली जात. एरवी साधकाच्या एकांतातला हा शब्द आता मोर्चात चालणाऱ्या माणसाकरिता वापरला जाऊ लागला.

या काळात मरणाचा एक नवा शब्दही रूढ झाला : ‘हुतात्मा’. तो रूढ करण्याचे श्रेय वि. दा. सावरकरांना दिले जाते. अरबीतून आलेला ‘शहीद’ हा शब्द मुळात साक्षीदाराचा वाचक आहे. युरोपीय भाषांतील त्याच अर्थाचा ग्रीक शब्दही मुळात साक्षीदाराचाच. ‘हुतात्मा’मध्ये साक्ष नाही, आहुती आहे. म्हणजे हा शब्द मरणाचे ठिकाण सांगत नाही आणि मरण झाकतही नाही. कशासाठी, हा प्रश्न तो पुढे आणतो. तथापि कोणताही गौरवाचा शब्द कालांतराने पडदा होऊ शकतो. ‘पाच हुतात्मे’ असे म्हणताना पाच घरे होती, पाच गावांत सुतक होते, हे विसरणे सोपे होते. तारापूरच्या पत्राने गोळी कोठे लागली ते सांगितले. तीच शिस्त आपण पालघरच्या स्मरणातही पाळली पाहिजे. नावे आणि गावे उच्चारणे हा त्या शिस्तीचा पहिला भाग आहे.

दोन प्रसंगांची तुलना करताना एक भेद नजरेआड करता कामा नये. तारापूरला मरणारा शस्त्रधारी होता आणि मारणाराही होता. १७३९ मधील निर्भयता शत्रूच्या मरणाचीही किंमत मागत होती. पालघरच्या मोर्चाकडे बंदुका नव्हत्या. अभयाच्या मूळ विवरणाशी कोणता प्रसंग अधिक जुळतो, हे उघड आहे : दुसरेपण उरले नाही म्हणजे भय उरत नाही, असे जो म्हणतो, त्याने दुसऱ्याला मारून निर्भय होणे हा त्याच्याच विचाराशी विसंवाद ठरतो.

७

आता आरंभीच्या प्रश्नाकडे परत यावयाचे. आध्यात्मिक समजुतीने मरणाचे भय गेले असे केव्हा म्हणावे? वरील पुराव्यावरून तीन खुणा सांगता येतात. मरणाचे उघडे सत्य उच्चारता येणे, ही पहिली. शोकाला नाकारल्याशिवाय त्याच्या पलीकडे पाहता येणे, ही दुसरी. आणि आपल्या मरणाच्या किंवा आपल्या शोकाच्या विचारातून निघून मागे राहिलेल्यांच्या कर्तव्याकडे वळता येणे, ही तिसरी. कैलास, वैकुंठ किंवा कालकथित यांपैकी कोणत्याही समजुतीच्या माणसाला या तीन खुणा गाठता येतात. आणि त्या गाठल्या नसतील तर यांपैकी कोणताही शब्द त्याला पुरा पडत नाही. विवेक हा श्रद्धेचा पर्याय नाही. श्रद्धा खरी उतरली की नाही, हे मात्र विवेकावरून कळते.

या निष्कर्षाचा आजच्या तारापूरशी संबंध आहे. भारतातील पहिले अणुवीज केंद्र १९६९ मध्ये येथे सुरू झाले. त्यानंतर बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत वाढली. कारखान्यांतील स्फोटांत आणि आगींत कामगारांचे जीव गेल्याच्या घटना अलीकडच्या वर्षांतही येथे घडल्या आहेत. अशा मरणानंतर ‘देवाज्ञा’, ‘नशीब’, ‘उपाय नाही’ हे शब्द सहज ओठांवर येतात. तेथे थांबणे आवश्यक आहे. गोळी लागून गेलेल्या मुलाच्या आईला ‘उपाय नाही’ म्हणणे खरे होते, कारण उपाय खरोखरच उरला नव्हता. ज्या मरणाला आधी उपाय होता, त्याच्या बाबतीत तोच शब्द वापरणे हा अध्यात्माचा अपवापर होय. पुरात न उतरण्याचा आणि पथ्य पाळण्याचा दाखला ज्ञानेश्वरांनी अभयाच्याच विवरणात दिला आहे, हे येथे पुन्हा आठवावे. टाळता येण्याजोगे मरण टाळण्याची व्यवस्था करणे हा अभयाचा अर्धा भाग आहे. न टाळता येणाऱ्या मरणाकडे उघड्या डोळ्यांनी पाहणे हा उरलेला अर्धा. पहिला भाग वगळून केवळ दुसऱ्याचा उपदेश करणारा माणूस भय घालवीत नाही, केवळ दुसऱ्याच्या मरणाची सवय लावून घेतो.

भाषेच्या अभ्यासकाला यापुढे काम बरेच आहे. जुन्या पत्रव्यवहारातील दुखवट्याच्या पत्रांचे मायने एकत्र करून, त्यांत साचा कोणता आणि साच्याबाहेरचे काय, याची नोंद व्हावयास हवी. वारली, मांगेली, वाडवळी या या किनाऱ्यावरच्या बोलींतील मरणाचे शब्द बोलणारी माणसे आहेत तोवरच टिपून घ्यावयास हवेत. मरणाविषयी समाज काय मानतो, हे त्याच्या ग्रंथांतून कळते. मरणासमोर तो कसा उभा राहतो, हे कळण्यासाठी त्याची पत्रे आणि त्याची बोलीच पाहावी लागते.